बहिर्जी नाईक : वाट जाणणारा पुरुष

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत ज्यांचे बालपण गेले, त्यांस वाट म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. भाटघरच्या पाण्यापलीकडील गावांतून, गुंजवणी आणि कानंद या नद्यांच्या खोऱ्यांतून आणि रायरेश्वराच्या पायथ्यापासून आमचे विद्यार्थी येतात. नकाशावर जे गाव हाताच्या बोटाएवढ्या अंतरावर दिसते, त्या गावी पोहोचण्यास अर्धा दिवस लागतो, हे त्यांस ठाऊक असते. चैत्रात जी वाट सर्वांत जवळची, ती श्रावणात ओढ्याच्या पुराने सर्वांत लांबची होते, हेही त्यांनी अनुभवलेले असते. म्हणून यंदाच्या अंकासाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहावे असे ठरले, तेव्हा ज्यांचे सारे आयुष्य वाटा जाणण्यात, पारखण्यात आणि त्यांची खरी खबर धन्यास पोहोचविण्यात गेले, अशा एका पुरुषाकडे आमचे लक्ष गेले. ते पुरुष म्हणजे श्रीशिवछत्रपतींच्या जासूदांचे नाईक बहिर्जी हे होत.

बहिर्जींचे नाव महाराष्ट्रात लहानथोरांस परिचित आहे. फकिराच्या वेषात शत्रूच्या छावणीत शिरणारे, वासुदेव होऊन पहाटे गल्लीतून फिरणारे, गोंधळ्याचे संबळ वाजवीत किल्ल्याची दारे मोजणारे बहिर्जी आपण गोष्टींतून ऐकले आहेत. या गोष्टी लोकांच्या प्रेमातून जन्मास आल्या आहेत, त्यांचा आम्हांस आदरच आहे. तथापि, चरित्र लिहिताना गोष्ट कोणती व नोंद कोणती, हे वेगळे ठेवणे बरे. ज्या पुरुषाचे मोठेपण खरी बातमी व ऐकीव बातमी यांतील भेद ओळखण्यात होते, त्याच्याविषयी लिहिताना तरी हा भेद विसरणे आम्हांस शोभणार नाही.

नोंदीच्या बाबतीत आपण कृष्णाजी अनंत सभासद यांचे ऋणी आहो. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, जिंजी येथे असता, १६९७ च्या सुमारास त्यांनी शिवाजी महाराजांचे चरित्र लिहिले. ते स्वतः महाराजांच्या काळी सेवेत असलेले गृहस्थ. त्यांच्या बखरीत जासूदांवर नेमलेला नाईक म्हणून बहिर्जी जाधव यांचे नाव येते, आणि ते शहाणे व चौकस होते असा त्यांचा गौरवही येतो. पुढे दोन प्रसंगी बहिर्जी त्या बखरीत प्रत्यक्ष वावरताना दिसतात. एक प्रसंग सुरतेचा, दुसरा जालन्याहून परतण्याचा. पहिल्यात ते दूरच्या शहराची खबर आणतात. दुसऱ्यात ते संकटातून निघण्याची वाट दाखवितात. अफजलखान, पन्हाळगड, लाल महाल या प्रसंगांतही परंपरा त्यांचा हात मानते. परंतु नुसत्या या दोन प्रसंगांवरूनही त्या पुरुषाची योग्यता पुरेपूर कळते.

बहिर्जींचे काम समजण्यास प्रथम राजगड समजला पाहिजे. वेल्ह्याच्या मुलखातील हा गड सुमारे पाव शतक स्वराज्याची राजधानी होता. पद्मावती, सुवेळा व संजीवनी या त्याच्या तीन माच्या आणि मध्ये उभा बालेकिल्ला. निरभ्र दिवशी तेथून तोरणा, सिंहगड, पुरंदर, रोहिडा हे किल्ले दृष्टीस पडतात. गुंजवणे दरवाजाने एका खोऱ्यात उतरता येते, पाली दरवाजाने दुसऱ्या, आणि अळू दरवाजाने निघणारी वाट डोंगराच्या धारेने तोरण्याकडे जाते. त्यापलीकडे सह्याद्रीचा कडा. त्या कड्यावरून कोकणात उतरण्यास मढे घाट, उपांड्या घाट यांसारख्या नाळा आणि भोरच्या बाजूने वरंधा घाट. यांतील कोणती नाळ माणसास पुरे, कोणती लादलेल्या बैलास, कोणत्या घाटाच्या माथ्यावर मे महिन्यात पाणी असते, कोणता आषाढात निसरडा होतो, ही माहिती ज्यास आहे त्यासच या मुलखात राज्य करता येई. ज्यास ती नाही, त्याची फौज कितीही मोठी असो, ती येथे अडखळून पडे.

राजा गडावर बसलेला असतो. त्यास सारा मुलूख डोळ्यांनी पाहता येत नाही. त्याचे डोळे व कान म्हणजे जासूद. उत्तरेकडून एक जासूद येतो आणि एक वाट मोकळी असल्याचे सांगतो. दुसरा तीच वाट बंद असल्याचे सांगतो. तिसऱ्याने स्वतः काही पाहिलेले नसते, परंतु बाजारात ऐकलेले असते. या साऱ्यांचे सर्वच बोलणे राजापुढे ओतले, तर राजाचा गोंधळ होईल. म्हणून मध्ये एक नाईक लागतो. त्याने सर्वांचे ऐकावे, प्रत्येकाची पारख करावी, एक मार्ग निवडावा आणि निवडलेला तेवढा वर कळवावा. हे वाचण्यास सोपे आहे, करण्यास फार कठीण. कारण ऐकताना चूक झाली तर एक बातमी बिघडते. निवडताना चूक झाली तर सारी फौज खड्ड्यात जाते.

आता सुरतेचा प्रसंग पाहू. राजगडापासून सुरत सरळ रेषेत सुमारे ३३० किलोमीटर आहे, आणि सह्याद्रीच्या मुलखात सरळ रेषेने तर पाखरेच जातात. मध्ये खाड्या, मोगलांचे अंमल, फिरंग्यांची ठाणी आणि जव्हार व रामनगर ही राज्ये होती. सुरत हे मोगलांचे सर्वांत श्रीमंत बंदर होते. मक्केस जाणारे यात्रेकरू तेथूनच गलबतांत बसत, आणि इंग्रज व डच यांच्या वखारी तेथे होत्या. बहिर्जींनी तेथून येऊन महाराजांस त्या शहरातील अगणित द्रव्याची खबर दिली, असे सभासद सांगतात. त्यावर महाराजांनी स्वतः जाण्याचे ठरविले.

५ जानेवारी १६६४ रोजी मराठ्यांची घोडी सुरतेच्या दक्षिणेस गणदेवीजवळ येऊन ठेपली, तेव्हा कोठे शहरास जाग आली. दुसऱ्या दिवशी ती शहरात होती. सुरतेस त्या वेळी धड तट नव्हता. तेथील सुभेदार इनायतखान याजपाशी ५०० शिपायांचा पगार सरकारातून येई, परंतु ते पैसे तो आपल्याच पदरात घाली, असे जदुनाथ सरकार यांनी नमूद केले आहे. म्हणजे कागदावर शिपाई होते, वेशीवर नव्हते. बादशहास जी खबर जात होती ती खोटी होती, आणि राजगडास जी खबर आली होती ती खरी होती. सुरतेच्या भवितव्याचा निकाल घोड्यांच्या टापांआधी या दोन खबरींनी लावला होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

एका गोष्टीचा उल्लेख आमच्या शाळेच्या अंकात अगत्याने व्हावा. त्या वेळी सुरतेत फादर अँब्रोज नावाचे कपुचिन पंथाचे फ्रेंच धर्मोपदेशक राहत असत. महाराजांनी त्यांच्या घरास धक्का लागू दिला नाही, असे बर्निए या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे. एवढ्या धामधुमीत साधूचे घर कोणते आणि सावकाराचे कोणते, हे ज्यास कळते, त्याच्यापाशी बारीक माहिती असली पाहिजे हे उघड आहे. त्याचबरोबर हेही लपवून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही की, त्या चार दिवसांत शहराचा मोठा भाग जळाला आणि अनेक निरपराध लोकांस फार सोसावे लागले. खरी खबर ही मोठी शक्ती आहे. ती ज्याच्या हाती येते त्याच्यावर तिच्या वापराचे ओझेही येते. १० जानेवारीस मोगलांची कुमक येत असल्याचे कळताच महाराज सुरतेतून निघाले आणि लुटीसह सुखरूप राजगडास पोहोचले. जाण्याइतकेच वेळीच परतणेही खबरीवर अवलंबून असते, ते असे.

येथे आमचे विद्यार्थी विचारतील की, तीनशे साठ वर्षांपूर्वीच्या जासूदाचे काम आज आमच्या काय उपयोगाचे? आज तर घरबसल्या बोटाच्या स्पर्शाने सातासमुद्रापलीकडे निरोप जातो. त्यांस आम्ही सांगू इच्छितो की, तो निरोपही वाटेनेच जातो, आणि त्याच्या वाटेवरही चौकोचौकी एकेक बहिर्जी बसलेला असतो. त्या यंत्रास राउटर म्हणतात. इंटरनेट म्हणजे एक जाळे नव्हे. ७०,००० हून अधिक स्वतंत्र जाळ्यांचा तो मेळा आहे. प्रत्येक जाळे म्हणजे जणू एक संस्थान, आणि प्रत्येकास एक क्रमांक. सर्व मुलूख पाहणारा राजा येथे कोणीच नाही. प्रत्येक सीमेवरील राउटर आपल्या शेजाऱ्यांकडून ऐकतो की, अमुक ठिकाणी जावयाचे तर माझ्याकडून या या संस्थानांतून वाट आहे. १९८९ साली कर्क लॉहीड आणि याकोव रेख्टर या दोघांनी या बोलण्याचा नियम बसविला, आणि त्याचा पहिला आराखडा जेवणाच्या वेळी तीन कागदी रुमालांवर उतरला, असे सांगतात. त्या नियमास बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल असे नाव आहे.

एकाच ठिकाणाच्या अनेक वाटा ऐकू आल्या म्हणजे राउटर क्रमाने पारख करतो. ज्या वाटेत स्वतःच्याच संस्थानाचा क्रमांक आढळतो, ती तो टाकून देतो. कारण ती फिरून पुन्हा आपल्याच दारी येणार. उरलेल्यांपैकी धन्याने पसंतीचा अधिक मान दिलेली वाट तो प्रथम घेतो, मग ती लांब असली तरी चालते. पसंती सारखीच असेल तर जीत कमी संस्थाने ओलांडावी लागतात ती घेतो. तेथेही बरोबरी झाली तर आणखी काही कसोट्या लावतो. परंतु शेवटी एकच सर्वोत्तम ठरवितो, आणि शेजाऱ्यांस कळवावयाची झाल्यास तीच कळवितो. वाट मोडली तर तो शेजाऱ्यांस ती मागे घेतल्याचा निरोप धाडतो व जवळ ठेवलेल्या दुसऱ्या वाटांतून पुन्हा निवड करतो. शेजारी नुसता गप्प झाला तरी तो फार काळ वाट पाहत नाही. नियमात सुचविलेली मुदत ९० सेकंदांची आहे. तेवढ्यात काहीच कानी आले नाही, तर त्या शेजाऱ्याने सांगितलेल्या सर्व वाटा तो रद्द समजतो.

आमच्या तालुक्यात हे दर पावसाळ्यात घडते. दरडी कोसळू लागल्या म्हणजे वरंधा घाट वारंवार बंद ठेवावा लागतो. मग भोरहून महाडास जाणारा मनुष्य वाई व महाबळेश्वरावरून आंबेनळी घाटाने पोलादपुरास उतरतो, अथवा ताम्हिणी घाटाकडे वळतो. वाट लांब पडते, परंतु मनुष्य पोहोचतो. जवळच्या वाटेस चांगली वाट समजणारा मात्र दरडीपुढे उभा राहतो.

या यंत्रांच्या कारभारात एक सुधारणा अलीकडे झाली. राउटरने काय केले हे पाहणारी देखरेखीची ठाणी असतात. राउटरने त्या ठाण्यांस अहवाल कसा द्यावा याची रीत २०१६ साली ठरली. त्या रीतीने, शेजाऱ्यांकडून राउटरने काय ऐकले, एवढेच प्रथम कळत असे. २०१९ साली तीत, त्याने पुढे शेजाऱ्यांस काय सांगितले, याची भर पडली. आणि त्याने स्वतः काय निवडले, ही यादी थेट कळविण्याची सोय २०२२ साली झाली. काय ऐकले, काय निवडले आणि काय सांगितले, या तिन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजेच कारभार खरा की खोटा हे कळते. आम्हांस वाटते, यंत्रांपेक्षाही माणसांस ही कसोटी अधिक लागू आहे.

खोट्या सांगण्याने काय अनर्थ होतो, याचे उदाहरण २००८ सालच्या फेब्रुवारीत घडले. पाकिस्तानातील एका दूरसंचार संस्थेस यूट्यूब हे संकेतस्थळ आपल्या देशापुरते बंद करावयाचे होते. त्यासाठी तिने, त्या ठिकाणी जाण्याची वाट आमच्याकडूनच आहे, अशी खोटी वर्दी आपल्या यंत्रांस दिली. ती वर्दी सीमेबाहेर सुटली. शेजाऱ्याने ती न पारखता पुढे कळविली, त्याच्या शेजाऱ्याने आणखी पुढे, आणि सुमारे दोन तास जगातील पुष्कळ भागांतून ते संकेतस्थळ दिसेनासे झाले. पहिल्याने खोटे सांगितले हा त्याचा दोष. परंतु न पारखता पुढे सांगणाऱ्यांचा दोष त्याहून लहान नाही. तेव्हापासून वाटेच्या वर्दीस मोहोरेसारखा दाखला जोडण्याची व तो तपासण्याची रीत हळूहळू रूढ होत आहे. राजाची मोहोर पाहिल्यावाचून पत्र खरे मानू नये, हा जुना धडा यंत्रांस नव्याने शिकवावा लागला.

आता पुन्हा बहिर्जींकडे वळू, कारण त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग अजून सांगावयाचा आहे. १६७९ च्या नोव्हेंबर महिन्यात महाराजांनी मोगलाईतील जालना हे संपन्न शहर लुटले. लुटीने लादलेली जनावरे घेऊन फौज परत फिरली. लादलेली फौज ही मंद चालते, आणि मंद चालणाऱ्यास शत्रू गाठतो. संगमनेरच्या बाजूस रणमस्तखानाने तिला गाठले. तीन दिवस युद्ध चालले. सिधोजी निंबाळकर हे पाच हजारांचे सरदार पडले. त्यांच्याबरोबर पुष्कळ शूर लोक कामास आले. तोच मोगलांची आणखी मोठी कुमक जवळ आली. पुढे शत्रू आणि मागेही शत्रू, अशा कोंडीत स्वतः महाराज सापडले. स्वराज्याचा अभिषेक होऊन अवघी पाच वर्षे झाली होती. युवराज संभाजीराजे त्या वेळी दिलेरखानाच्या छावणीत होते. महाराजांचे काही बरेवाईट झाले असते तर पुढे काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही.

त्या वेळी बहिर्जी पुढे झाले. फौजेस माहीत असलेल्या वाटा शत्रूसही माहीत होत्या. राजमार्ग जवळचा, रुंद आणि पाणवठ्यांचा होता. म्हणूनच तो बंद होता. बहिर्जींनी अशी वाट धरली की जी शत्रूच्या हिशेबात नव्हती. तीन अहोरात्र फौज चालली. डावीउजवीकडे मोगलांची ठाणी, मागे पाठलाग, अंगावर जखमा, आणि पुढे एका माणसाची स्मरणशक्ती. तीन दिवसांनी फौज पट्टा किल्ल्याच्या पायथ्याशी सुखरूप आली. अकोले तालुक्याच्या सीमेवरील हा किल्ला. महाराजांनी तेथे काही दिवस विश्रांती घेतली, म्हणून त्यास विश्रामगड असे नाव पडले. महाराज बहिर्जींवर संतुष्ट झाले, असे सभासद सांगतात.

या प्रसंगाचा थोडा विचार करावा. सुरतेची खबर बहिर्जींनी सांगितली, तेव्हा ती पारखण्यास महाराजांपाशी सवड होती. दुसरे जासूद पाठविता आले असते, मसलत करता आली असती. पट्ट्याच्या वाटेस ती सवड नव्हती. थकलेल्या हजारो माणसांनी एका माणसाच्या निवडीवर आपले प्राण ठेवले. असा विश्वास तीन दिवसांत मिळत नाही. वर्षानुवर्षे जो मनुष्य जे ऐकले तेच ऐकले म्हणून सांगतो, जे पाहिले तेच पाहिले म्हणून सांगतो, आणि माहीत नसलेले माहीत आहे असे कधी म्हणत नाही, त्यासच तो लाभतो. बहिर्जींनी पट्ट्याची वाट दाखविली ती तीन दिवसांत. परंतु ती दाखविण्याचा अधिकार त्यांनी साऱ्या आयुष्यात मिळविला होता.

आणखी एक भेद ध्यानी घ्यावा. राउटर वाट सांगतो, परंतु तिने चालत नाही. निरोप हरवला तरी त्यास वेदना होत नाही. बहिर्जी वाट सांगून मागे राहिले नाहीत. ते त्या वाटेने सर्वांच्या पुढे चालले. निवड चुकली असती तर पहिला भाला त्यांच्याच छातीत बसला असता. म्हणून त्यांचे ऐकणे, निवडणे आणि सांगणे यांत भेद राहणे शक्यच नव्हते. त्या तिन्ही याद्यांखाली त्यांनी आपल्या देहाची सही केली होती.

पट्ट्याहून आल्यावर पाच महिनेही पुरे झाले नाहीत तो, ३ एप्रिल १६८० रोजी, रायगडावर महाराजांनी देह ठेवला. बहिर्जींच्या पुढील दिवसांविषयी परंपरेने एकच ठिकाण सांगितले आहे. सांगली जिल्ह्यात भूपाळगड, म्हणजेच बाणूरगड, नावाचा किल्ला आहे. पट्ट्याच्या त्या प्रसंगापूर्वी, १६७९ च्याच एप्रिलात, दिलेरखानाने हा किल्ला घेतला होता. त्या गडावर बहिर्जींची समाधी दाखवितात, आणि दूरदूरचे लोक तेथे जाऊन नम्र होतात. रामोशी समाजात त्यांची आठवण विशेष आदराने जपली जाते. ज्याने आयुष्यभर आपले नाव लपविले, त्याचे नाव लोकांनी तीन शतके जपले, हे पाहून मन भरून येते.

बहिर्जींनी स्वतः लिहिलेला एकही कागद आपल्यापुढे नाही. त्यांच्या तोंडच्या बातम्या ज्या कानांसाठी होत्या, त्या कानांपाशीच राहिल्या. सरदारांची नावे शिलालेखांत व सनदांत येतात. वाट दाखविणाऱ्याचे नाव बहुधा येत नाही. सभासदांनी ते लिहिले, म्हणून ते आपणांस कळले. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतून असे कितीतरी जासूद, हरकारे, वाटाडे निघाले असतील. रात्री कोणाच्या तरी अंगणात भाकरी खाऊन, पहाटेपूर्वी घाट उतरून गेले असतील. आज आपण ज्या पायवाटांनी शाळेस येतो, त्यांपैकी काहींवर त्यांची पावले उमटली असतील, हा विचार आमच्या मुलांनी चालताना मनात आणावा.

पालकांसही आमची एक विनंती आहे. आज मुलांच्या हाती दूरध्वनी आहेत, आणि त्यांवर क्षणाक्षणास बातम्या येऊन पडतात. आलेली प्रत्येक बातमी मूल जशीच्या तशी पुढे पाठविते, आणि कित्येक घरी वडीलधारेही तेच करतात. पूर्वी जासूद थोडे होते. आज प्रत्येक मनुष्य जासूद झाला आहे. मात्र जासूद होणे सोपे, नाईक होणे कठीण. बातमी कोणाकडून आली, त्याने ती स्वतः पाहिली की ऐकली, तीच दुसऱ्याही तोंडून येते काय, आणि ती पुढे सांगितल्याने कोणाचे नुकसान होईल काय, एवढे चार प्रश्न घरातल्या घरात विचारण्याची सवय लागली, तरी बहिर्जींचे स्मरण सार्थकी लागले असे आम्ही समजू.

विद्यार्थ्यांनी तर हे चरित्र एका अधिक जवळच्या कारणासाठी लक्षात ठेवावे. प्रत्येकाच्या आयुष्यात एक दिवस असा येतो की, ओळखीच्या सर्व वाटा बंद होतात आणि बरोबरची माणसे आपल्या तोंडाकडे पाहतात. त्या दिवशी नवे शहाणपण सुचत नाही. तोपर्यंत जे खरेपणाने पाहिले असेल आणि ध्यानी ठेवले असेल, तेच उपयोगी पडते. बहिर्जींस तो दिवस १६७९ च्या नोव्हेंबरात आला, आणि ते तयार होते. आमच्या मुलामुलींस तो केव्हा येईल हे परमेश्वर जाणे. तोवर शाळेच्या रोजच्या वाटेवर डोळे उघडे ठेवून चालावे आणि जे पाहिले तेच घरी सांगावे, एवढाच अभ्यास त्यांजकडे आम्ही मागतो.